पार्किंगमधली घसरगाडी आणि तिचा जायरो

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)





सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत. मी विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्पच झाले. त्यांची कल्पना, मी मुदत ठेवी, नॉमिनेशन असं काहीतरी उपयोगाचं बोलेन. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? पण आज मी ह्या टेबलावर ठेवलेल्या गाडीबद्दल बोलणार आहे. ही रिमोटवर चालते. खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची आहे. हिला म्हणतात ड्रिफ्ट कार, म्हणजे जी सरळ धावण्यापेक्षा घसरत धावण्यासाठी बनवलेली असते. मी तिला घसरगाडी म्हणतो. आणि तिच्या पोटात काड्यापेटीपेक्षा लहान एक डबी आहे, तिचं नाव जायरो. गेल्या वर्षभरात ह्या डबीने माझा जेवढा अपमान केला, तेवढा बँकेच्या इन्स्पेक्शनमध्येही कधी झाला नव्हता.

आता ही गाडी माझ्याकडे आली कशी, ते सांगतो. आमचे चिरंजीव 2014 पासून जपानमध्ये आहेत, टोकियोत निशी-कासाई म्हणून भाग आहे तिथे. आपल्याकडची बरीच कुटुंबं त्या भागात राहतात. 2019 साली मी आणि आमची ही, दोघं तिकडे गेलो होतो. तिथे एका खेळण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. गुळगुळीत फरशीचा ट्रॅक, आणि माझ्याएवढी माणसं, हो, केस पिकलेली माणसं, हातात रिमोट धरून अत्यंत गंभीर चेहऱ्याने गाड्या आडव्या पळवत होती. नातू तेव्हा सात वर्षांचा. त्याने माझा हात घट्ट धरला होता आणि तो म्हणत होता, "आजोबा, दोरिफुतो, दोरिफुतो!" जपानी लोक ड्रिफ्टला दोरिफुतो म्हणतात. आमची ही म्हणाली, "ह्या गाड्या सरळ का नाही चालवत?" मला उत्तर देता आलं नाही. आज देता येईल, पण ऐकायला ती नाही.

त्याचं उत्तर असं आहे. जपान डोंगराळ देश. तिथे घाटाला 'तोगे' म्हणतात. त्या घाटांतल्या वळणांवर रात्री गाड्या पळवता पळवता काही पोरांनी मागची चाकं मुद्दाम घसरवून वळण घ्यायचं तंत्र बसवलं. केइची त्सुचिया नावाचे चालक त्यातूनच पुढे आले. त्यांना 'ड्रिफ्ट किंग' म्हणतात. पुढे त्याच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या, आणि जे मोठ्या गाड्यांचं झालं ते छोट्यांतही आलं.

आपल्यापैकी ज्यांनी पावसात स्कूटर किंवा जीप चालवली आहे त्यांना माहीत आहे. गाडीचा मागचा भाग घसरला की शहाणा ड्रायव्हर काय करतो? शेपूट ज्या बाजूला जाते, त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवतो. म्हणजे पुढची चाकं जिकडे जायचं तिकडेच बघत राहतात, गाडी भले आडवी होवो. त्याला काउंटर स्टिअर म्हणतात. खऱ्या गाडीत ड्रायव्हरला हे बसल्या जागी कळतं. गाडी जरा सुटली की कमरेला कळतं, मग हाताला. पण रिमोटवाला माणूस तर पंधरा फूट लांब उभा. त्याला फक्त डोळे. डोळ्यांनी बघून हात हलेपर्यंत पाव सेकंद जातो. ह्या गाडीचे टायर रबराचे नाहीत, हात लावून बघा, कडक प्लास्टिकचे आहेत. ताकद फक्त मागच्या चाकांना. पाव सेकंदात ती स्वतःभोवती गिरकी घेऊन मोकळी होते.

म्हणून हा जायरो. फुको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1852 साली जायरोस्कोप हे नाव दिलं. तो जायरोस्कोप म्हणजे आपल्या भोवऱ्याचा शिकलेला भाऊ, वेगाने फिरणारी चकती. ह्या डबीत मात्र फिरणारं काही नाही. आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म भाग सतत थरथरत असतो. गाडी वळली की ती थरथर किंचित बाजूला सरकते, आणि त्यावरून गाडी किती वेगाने वळते आहे ते चिपला कळतं. ती लगेच पुढच्या चाकांना उलट दिशेला वळवते. माझ्या पाव सेकंदाच्या कितीतरी आधी.

तर, 2023 च्या जुलैमध्ये नातू उन्हाळी सुट्टीत इकडे आला. त्यांची उन्हाळी सुट्टी म्हणजे आपला भर पावसाळा. अकरा वर्षांचा मुलगा, मराठी समजतं पण बोलताना अडखळतो, आणि मी हा असा. ही गेल्यापासून घरात बोलायची सवय मोडलेली. पहिले चार दिवस आम्ही दोघं "जेवलास का?" आणि "हो" यापलीकडे गेलो नाही. पाचव्या दिवशी त्याने बॅगेतून ही गाडी काढली आणि विचारलं, "आजोबा, खाली फरशी गुळगुळीत आहे?" आपल्या स्टिल्ट पार्किंगचं काँक्रीट पंचवीस वर्षं गाड्या फिरून आरशासारखं झालेलं आहे. आम्ही खाली गेलो. त्यानंतर पाच आठवडे रोज गेलो. मराठी त्याला येऊ लागलं, आणि बोलणं मला.

जाण्याच्या दोन दिवस आधी गाडी पावसाच्या पाण्यातून गेली आणि जायरो बंद पडला. निघताना तो म्हणाला, "आजोबा, गाडी तुमच्याकडे ठेवतो. नवीन जायरो तुम्ही लावा. पुढच्या वर्षी येईन तेव्हा चालू पाहिजे." मी म्हटलं, "दिलं वचन." बँकेतल्या माणसाने वाचल्याशिवाय सही करू नये म्हणतात, ते ह्यासाठीच.

आता मुख्य विषय. जायरो कसा बसवायचा ते सांगतो, म्हणजे मी केलेल्या चुका तुम्ही करू नका.

पहिली गोष्ट, जागा. जायरो गाडीत सपाट बसला पाहिजे, वाकडा नको. मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा जो स्पीड कंट्रोलर असतो, त्यापासून जरा लांब. तो बरोबर मध्यभागीच हवा असं मला वाटत होतं, पट्टी घेऊन मोजत बसलो होतो. तसं काही नाही. घड्याळाच्या काट्याच्या टोकावर बसलेली मुंगी आणि मुळाशी बसलेली मुंगी, दोघी तासाभरात सारख्याच फिरतात. चिकटवायला सोबत मिळणारी जाड, मऊ दुहेरी टेपच वापरा. मी कपाटातली साधी पातळ टेप लावली होती. मोटरची सगळी थरथर जायरोत गेली, आणि गाडी स्वतःच्याच आवाजाला घाबरू लागली. वायरीही ताणून बांधू नका, जरा ढील ठेवा.

दुसरी गोष्ट, जोडणी. रिसीव्हरच्या पहिल्या चॅनेलमधून वायर जायरोत येते, आणि स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर, जिला सर्व्हो म्हणतात, तिची वायर जायरोला लागते. थोडक्यात, जायरो मध्ये बसलेला कारकून आहे. साहेबाचा हुकूम त्याच्या टेबलावरून खाली जातो. आणखी एक वायर तिसऱ्या चॅनेलला जाते, तिचं काम पुढे सांगतो. सर्व्हो डिजिटल आहे की साधा अॅनालॉग, ते पाहून जायरोत तशी सेटिंग करा. साध्या सर्व्होला डिजिटलचा वेग दिला तर तो तापतो आणि जळतो. माझा एक जळला.

तिसरी गोष्ट, सुरुवात करताना जायरोला जाग येऊ द्या. आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. बंद करताना उलटं, आधी गाडी, मग रिमोट. आणि गाडी चालू केल्यावर काही सेकंद तिला अजिबात हात लावायचा नाही. त्या वेळात जायरो ठरवत असतो की स्थिर म्हणजे काय. मी गाडी हातात धरूनच चालू करत होतो. दर वेळी पुढची चाकं एका बाजूला ओढायची. तीन दिवस मी जायरोला शिव्या घातल्या. मग एकदा गाडी चालू असताना हातात धरली आणि बघितलं, तर पुढची चाकं बारीक बारीक थरथरत होती. मला वाटलं, बिघाड आहे. खाली ठेवली, चाकं शांत. उचलली, थरथर सुरू. तेव्हा कळलं, थरथर माझ्या हाताची आहे. डॉक्टरांच्या आधी ह्या डबीने मला ते सांगितलं. नंतर डॉक्टरांना दाखवलं, गोळी चालू आहे, काळजीचं काही नाही. पण त्या संध्याकाळी मी वर जाऊन बराच वेळ काही न करता बसून होतो.

चौथी गोष्ट, मध्यबिंदू आणि हद्द. जायरोचा जोर शून्यावर ठेवून आधी पुढची चाकं बरोबर सरळ करून घ्यायची. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवायचं आणि चाकं कुठे अडतात का बघायचं. चाक अडलं आणि सर्व्हो अजून ढकलत राहिला की तो कण्हतो. नातू म्हणायचा, "आजोबा, गाडी रडते." रडण्याच्या थोडं अलीकडे रिमोटमध्ये हद्द बांधून टाकायची, दोन्ही बाजूंना सारखी.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. दिशा. आधी रिमोट डावीकडे फिरवला की चाकं डावीकडे जातात ना, ते बघा. नसतील तर रिमोटमध्ये उलटं करा. पण तेवढ्याने काम संपत नाही. जायरोची दिशा वेगळी तपासावी लागते. गाडी हातात धरा आणि तिचं नाक झटकन डावीकडे वळवा. पुढची चाकं उजवीकडे वळली पाहिजेत. म्हणजे नाक कुठेही जावो, चाकं मूळ दिशेलाच बघत राहतील. नाक डावीकडे आणि चाकंही डावीकडे, असं झालं तर जायरो उलटा आहे. त्याच्या सेटिंगमध्ये रिव्हर्स करा.

मी हे केलं नाही. रिमोट बरोबर चालतोय म्हटल्यावर गाडी जमिनीवर ठेवली आणि ट्रिगर दाबला. दिवाळीतलं भुईचक्र पाहिलंय ना? तस्सं! घसरणं थांबवण्याऐवजी जायरो ते वाढवत होता. गाडी गरगरत गेली आणि बी विंगमधल्या आमच्या स्नेह्यांच्या स्कूटरवर आपटली. मडगार्डवर ओरखडा आला. त्याचे पैसे मी दुसऱ्या दिवशी दिले, पावती घेतली. ते सभेत हसताहेत, म्हणजे खातं बंद झालं असं मी समजतो.

त्याच वेळी वॉचमन धावत आला. काही बोलला नाही बिचारा. फक्त खांबावरच्या फलकाकडे बोट दाखवलं. 'पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून, कार्यकारिणी.' तो फलक 2000 साली लागला. मी तेव्हा खजिनदार होतो. शब्द माझे. अक्षरसुद्धा माझंच, पेंटरने त्यावरून गिरवलं. 'सक्त' हा शब्द मी नंतर घातला होता.

त्याच आठवड्यात मी कार्यकारिणीला रीतसर अर्ज दिला. दुपारी दोन ते तीन, गाड्या बाहेर गेलेल्या असताना, पश्चिमेच्या कोपऱ्यात. त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली.

आता सहावी आणि शेवटची गोष्ट, ती म्हणजे गेन. गेन म्हणजे जायरोने किती जोराने हस्तक्षेप करायचा, ते माप. तिसऱ्या चॅनेलची वायर ह्यासाठीच असते, उभ्या जागेवरून रिमोटने कमीजास्त करता येतं. गेन कमी असला तर गाडी गिरकी घेते, जायरो असून नसल्यासारखा. मग माणूस काय करतो? वाढवतो. मी एकदम शंभरावर नेला. म्हटलं, आता घसरूनच दाखव! तर गाडी सरळ रस्त्यावरही सरळ जाईना. पुढची चाकं कुत्र्याच्या शेपटीसारखी डावी-उजवी, डावी-उजवी. कारण सोपं आहे. जायरो चूक दुरुस्त करतो, पण इतक्या जोराने की दुसऱ्या बाजूला नवी चूक तयार होते. मग तो ती दुरुस्त करतो. चालू राहतं. त्यात बाहेरचा दोष काहीच नसतो, सगळा गोंधळ दुरुस्तीनेच केलेला असतो.

योग्य पद्धत अशी. तीस-पस्तीसवर सुरू करायचं. गाडी सरळ वेगात सोडायची. थोडं थोडं वाढवत जायचं. ज्या आकड्याला चाकं थरथरायला लागतात, त्याच्या जरा खाली यायचं. माझ्या गाडीची थरथर पासष्टला सुरू होते, मी अठ्ठावन्नवर ठेवतो. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा येईल. टायर बदलले, फरशी बदलली, की पुन्हा बघावं लागतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ट्रायल बॅलन्स जुळला नाही की आपण सगळी लेजर एकदम खोडत नाही, एकेक एन्ट्री तपासतो. तसंच हे.

बॅटरीबद्दल दोन शब्द, कारण समोर आयाही बसल्या आहेत. ही लिथियम पॉलिमर बॅटरी आहे, 7.4 व्होल्टची. तिच्याचसाठी असलेल्या चार्जरवर, आगरोधक पिशवीत ठेवून, माणूस समोर असतानाच चार्ज करायची. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. महिनाभर वापरणार नसाल तर पूर्ण भरूनही ठेवू नका आणि पूर्ण रिकामीही नको, सेलमागे सुमारे 3.8 व्होल्टवर ठेवा.

मार्चमध्ये गाडी नीट चालू लागली. व्हिडिओ कॉलवर नातवाला दाखवली. तो काही बोलला नाही, फक्त आईला हाक मारून तिलाही बघायला लावलं. जुलैमध्ये तो आला. ह्या खेपेला दहा दिवसांसाठी चिरंजीवही आले.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं खाली उतरलो. नातू गाडी पळवत होता. चिरंजीव त्या खांबाजवळ उभे राहिले आणि फलक वाचू लागले. रंग उडालेला आहे, पण वाचता येतो. म्हणाले, "बाबा, हा अजून आहे?" मी म्हटलं, "आहे." ते म्हणाले, "तुम्ही माझाही चेंडू जप्त केला होता. मी नववीत होतो. पावतीसुद्धा दिली नव्हतीत."

हसून म्हणाले ते. पण पुढे म्हणाले, "त्यानंतर मी खाली यायचंच सोडलं. दुसऱ्या पोरांना वाटायचं, मी तुम्हाला नावं सांगतो."

चोवीस वर्षं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मुलगा अभ्यासू आहे, घरात बसून वाचतो. आम्ही कौतुकाने सांगायचो लोकांना. त्या वेळी फलक लावण्यात माझं काही चुकलं होतं असं मी आजही म्हणणार नाही. दोन गाड्यांच्या काचा फुटल्या होत्या, लोक मेंटेनन्स अडवून बसले होते, खजिनदाराला काहीतरी करणं भाग होतं. पण जोर जास्त झाला. मी चिरंजीवांना एवढंच म्हणालो, "गेन फार ठेवला मी." त्यांना कळलं. त्यांनी रिमोट माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "द्या, आता मला चालवू द्या." त्यांनी पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर घातली. नातू पोट धरून हसला. मीही हसलो. असं आम्ही तिघं एकत्र कधी हसलो होतो, ते मला आठवत नाही.

सप्टेंबरमधल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला. दर रविवारी दुपारी चार ते सहा, स्टिल्टचा पश्चिम भाग मुलांसाठी मोकळा ठेवावा, त्या भागातल्या सभासदांनी तेवढा वेळ गाड्या स्वखुशीने बाहेर लावाव्यात, आणि काही नुकसान झालं तर पालकांनी भरून द्यावं. ठराव बहुमताने मंजूर झाला. पाच सभासद विरोधात होते. त्यांच्या हरकती खऱ्या आहेत, आवाज होतो, आजारी माणसं आहेत. म्हणून सहा म्हणजे सहा. सहा वाजून एक मिनिटाने मी स्वतः गाडी पिशवीत घालतो.

काही जण म्हणाले, फलक काढून टाका. मी म्हटलं, नको. फक्त 'सक्त' हा शब्द पेंटरकडून पुसून घेतला आणि खाली रविवारची वेळ लिहिली. गेन थोडा कमी केला, एवढंच. पेंटरचे पैसे सोसायटीच्या खर्चात टाकलेले नाहीत, खजिनदारांनी नोंद घ्यावी.

पंचवीस वर्षांत ह्या सोसायटीने पाण्याच्या टाक्या पाहिल्या, गळक्या गच्च्या पाहिल्या, कन्व्हेयन्ससाठी घातलेल्या खेपा पाहिल्या. मी त्या सगळ्या हिशोबात होतो. पण रविवारी चार वाजता खालून पोरांचा आवाज वर येतो, तो हिशोब मला आधी जमला नव्हता.

माझी पंधरा मिनिटं संपली आहेत. बालदोस्तांनो, आता खाली चला. गाडी जमिनीवर ठेवू, चालू करू, आणि सगळ्यांनी हात मागे घ्यायचे. तिला आधी स्थिर होऊ द्यायचं. मग ज्याचा नंबर पहिला, त्याने ट्रिगर दाबायचा. स्कूटर मी सकाळीच बाजूला करून घेतल्या आहेत.